टाकीचा रंग खरवडण्याआधी

माझ्या मामाची १९६९ ची जावा मोटारसायकल कित्येक वर्षं कागल तालुक्यातल्या आमच्या आजोळी गोठ्याच्या कडेला उभी होती. मरून रंग, टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोम आणि त्या क्रोमच्या कडेनं हातानं ओढलेली बारीक सोनेरी रेघ. टाकीच्या मागच्या टोकाला मामाच्या पट्ट्याच्या बकलानं घासून घासून रंग गेलेला, खालचा पत्रा दिसायचा. २०११ साली मामानं ती मला दिली आणि मी पहिलं काम काय केलं असेल, तर तिला ‘नवी’ केली. टाकी खरवडून, पुट्टी भरून, चकचकीत मेटॅलिक लाल मारून घेतला. क्रोमवरसुद्धा रंगच. घरी येणारे पाहुणे म्हणायचे, शोरूममधनं आणल्यागत दिसतीय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवणारा माझा एक मित्र तिच्याभोवती एक फेरी मारून उकिडवा बसला, टाकीखालनं हात फिरवला आणि म्हणाला, “भावा, ह्यो रंग लावायला दोन दिवस लागलं असतील. जो काढलास, त्येला चाळीस वर्षं लागली हुती.”

तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं. पुढं पाच-सहा वर्षांनी पुण्याहून एक गृहस्थ गाडी बघायला आले. इंजिन ऐकलं, आरसी बुक वाचलं, आणि शेवटी टाकीकडं बघत विचारलं, “जुनी रेघ कुठं गेली?” चहा पिऊन निघून गेले. भाव त्यांनी सांगितलाच नाही.

जुन्या मोटारसायकली घेऊन ठेवाव्यात का, त्यातनं पैसे होतात का, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब बघतो आणि घरी जावा आहे, म्हणजे दोन्हीकडचं कळत असणार, असा लोकांचा समज. अर्धं कळतं. ते सांगतो.

जुनी, क्लासिक आणि व्हिंटेज

हे तीन शब्द बाजारात एकमेकांत मिसळून वापरले जातात आणि विकणाऱ्याचा त्यात फायदा असतो. दहा वर्षांची गाडी ‘क्लासिक’ आणि वीस वर्षांची ‘व्हिंटेज’ म्हणून जाहिरातीत येते.

कायद्यानं अर्थ आहे तो फक्त ‘व्हिंटेज’ला. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ही व्हिंटेज. पण नुसतं वय पुरत नाही. गाडी मूळ रूपात जपलेली हवी. चेसिस (गाडीचा सांगाडा), बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. नवीन नोंदणीला २० हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच रीतसर नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, आणि माझ्या मते तो ठेवावाच. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे रविवारी सकाळी पन्हाळ्यावर झुणका-भाकरी खायला जायचा बेत असेल तर हा मार्ग तुमचा नाही. गाडी साध्या नोंदणीवरच राहू द्या.

‘क्लासिक’ला अशी व्याख्या नाही. ज्या गाडीचं उत्पादन थांबलंय आणि तरी लोक तिच्या मागं आहेत, ती क्लासिक, असं मी धरतो. आणि ‘जुनी’ म्हणजे बाकी सगळ्या. भंगारवाल्याच्या काट्यावर जिचा भाव ठरतो, ती जुनी.

भाव चढतो तो कशानं

यामाहाची आरएक्स हंड्रेड घ्या. १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. ५० मिलिमीटर बोअर (सिलिंडरची आतली रुंदी), ५० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. कागदावर यात डोळे दिपण्यासारखं काही नाही. पण गाडी हलकी, टू-स्ट्रोक इंजिन, आणि पिळल्याबरोबर पुढचं चाक उचलायला बघणार. १९९० च्या आसपास कोल्हापुरात कॉलेजला असलेल्या पोराला विचारा, त्याला काय हवं होतं. मिळालं मात्र घरच्यांनी घेतलेलं शंभर सीसीचं चार-स्ट्रोक, कारण ते लिटरला जास्त पळायचं. तोच पोरगा आज पन्नाशीत आहे. घर झालं, मुलगी पुण्यात शिकतेय, उसाचं बिल किंवा पगार वेळेवर येतो. आता तो आरएक्स हंड्रेड शोधतो.

जुन्या गाड्यांच्या भावाचं हे मूळ. माणसाला अठराव्या वर्षी जे हवं होतं आणि परवडलं नाही, ते तो पंचेचाळीस-पन्नासला घेतो. त्यामुळं मागणी पिढीबरोबर सरकत जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकलेल्या बीएसए एम-२०, मॅचलेस जी-३एल, नॉर्टन १६एच असल्या गाड्यांवर ज्यांचा जीव होता, ती पिढी आता फार थोडी उरली. त्या गाड्यांना मान आहे, पण रोज उठून त्या शोधणारे कमी. आणि आज आरएक्समागं लागलेली पिढी सत्तरीला पोचेल तेव्हा किक कोण मारणार, हा प्रश्न पैसे लावणाऱ्यानं स्वतःला विचारायलाच हवा. माझ्या भाच्याला जावा आवडते, फोटो काढायला. चालवायला त्याला इलेक्ट्रिक हवी.

दुसरी गोष्ट तुटवड्याची, आणि ती जरा उलटी चालते. राजदूत ३५० बघा. यामाहाचं आरडी ३५० चं डिझाइन, फरीदाबादला एस्कॉर्ट्सनं बनवलेली, १९८३ ला बाजारात आली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. आधी साधारण ३० हॉर्सपॉवरची ‘हाय टॉर्क’, मग पेट्रोल वाचावं म्हणून २७ च्या आसपासची ‘लो टॉर्क’. वेग भन्नाट, पण पुढं डिस्कऐवजी ड्रम ब्रेक, पेट्रोल पाण्यासारखं पिणार आणि सुटे भाग महाग. खपली नाही. दशक संपता संपता बंद पडली. खपली नाही म्हणून कमी बनली, आणि कमी बनली म्हणूनच आज हाय टॉर्कची चांगली गाडी कुणी सोडत नाही. याउलट बुलेट. १९५५ पासून मद्रासला बनतेय, अजून बनतेय. जुनं कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाचा गिअर, चालू करण्याआधी सिलिंडरमधला दाब सोडणारी डीकॉम्प्रेसरची कळ दाबून अँपिअर मीटरचा काटा बघणं, हे सगळं गेलं म्हणून जुन्या बुलेटला किंमत आहे. पण गाड्या एवढ्या आहेत, की फार दुर्मीळ साल नसेल तर भाव सावकाशच चढणार.

जावा या दोघांच्या मधली. मैसूरच्या आयडियल जावानं १९६१ च्या सुमारास बनवायला घेतली, १९७३ पासून तीच येझदी झाली, आणि १९९६ ला कारखान्याला कुलूप लागलं. किकचा आणि गिअरचा दांडा एकच. तो आत दाबून वर उचलला की किक, खाली आणला की गिअर. गिअर टाकताना क्लच आपोआप दबतो. पहिल्यांदा बसणारा हमखास गोंधळतो. मामा म्हणायचा, चोराला ही गाडी चालू करता येत नाही, तीच कुलपाची सोय.

२०१८ ला जावा नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आलं, तेव्हा आमच्यातल्या काहींना वाटलं, आता जुन्यांचा भाव पडणार. झालं उलटंच. ज्यांना नावसुद्धा ठाऊक नव्हतं ते जुनी बघायला यायला लागले.

जगात फार महाग गेलेल्या मोटारसायकलींचं उदाहरण इथं उपयोगी पडतं. २०१८ च्या जानेवारीत १९५१ ची एक व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग लास व्हेगासच्या लिलावात ९ लाख २९ हजार डॉलरला गेली. पाच वर्षांनी त्याच शहरात १९०८ ची हार्ले-डेव्हिडसन ९ लाख ३५ हजार डॉलरला. ती हार्ले १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एका जुन्या कोठारात सापडली होती आणि पुढं साठाहून जास्त वर्षं एकाच माणसाकडं होती. टाकी मूळची, चाकं मूळची, सीटवरचं कातडंसुद्धा मूळचं. एवढी रक्कम मोजणारा माणूस पळणारी गाडी घेत नव्हता. ही तीच आहे, याचा पुरावा तो घेत होता.

आपल्याकडं रकमेतली शून्यं कमी, पण भाव ह्याच गोष्टीला आहे. जुन्या गाडीची किंमत म्हणजे तिच्या पुराव्याची किंमत. पुरावा दोन ठिकाणी असतो, कागदावर आणि लोखंडावर.

कागद आधी, गाडी नंतर

गाडी बघायला जाताना बहुतेक जण आधी किक मारतात. मी आता आधी आरसी बुक मागतो. ‘कागद आहेत, गावाकडं आहेत, देतो पाठवून’ असं म्हटलं की चहा घेऊन उठायचं.

बुक हातात आलं की दोन नंबर बघायचे, चेसिसचा आणि इंजिनचा. चेसिस नंबर बहुतेक जुन्या गाड्यांत हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर ठोकलेला असतो. तिथं पन्नास वर्षांचं ग्रीस, माती आणि दोन-तीन रंगांचे थर असतात. रॉकेल लावलेल्या फडक्यानं पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासा. आरटीओत चेसिस प्रिंट घेतात तसंच. मूळ ठोकलेला नंबर एका ओळीत, एका खोलीचा उमटतो. मागून ठोकलेल्या नंबरात एखादा आकडा तिरका, एखादा जास्त खोल, आणि भोवतीचा पत्रा ग्राइंडर फिरवल्यासारखा गुळगुळीत. डोळ्याला जे दिसत नाही ते पेन्सिल दाखवते. चेसिस नंबरात खोट दिसली, तर गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. तो व्यवहार पोलीस ठाण्यात संपू शकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची ‘वाहन समन्वय’ नावाची सोय आहे, तिथं चोरीच्या नोंदी तपासता येतात. पाच मिनिटांचं काम.

इंजिन नंबर जुळत नसेल तर ते पाप नाही, पण किंमत उतरते. पूर्वी इंजिन जाम होऊन बसलं की लोक दुसऱ्या गाडीचं काढून घालायचे आणि कुणी आरटीओत नोंद करायला जायचं नाही. अशी गाडी चालवायला घ्या, ठेवायला नको.

नंबरप्लेटही बोलते. नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला, त्याच्या आधीच्या गाड्यांना तीन अक्षरं आणि पुढं आकडे असा नंबर असायचा. एमएच-०९ हे आपलं कोल्हापूर त्यानंतरचं. तेव्हा ‘१९८४ ची गाडी, एकाच मालकाची’ असं सांगून कुणी एमएच-०९ दाखवत असेल, तर ती मधे कुठं होती हे विचारा. उत्तर सरळही असू शकतं. गाडी दुसऱ्या राज्यातून आलेली असेल, नोंदणी नव्यानं झाली असेल. पण विचारायला हवं.

आता खरी डोकेदुखी. जुनं आरसी बुक हातानं लिहिलेलं असतं आणि त्यातल्या कित्येक गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नाही. ऑनलाइन नंबर टाकला की ‘माहिती उपलब्ध नाही’. मग आरटीओत अर्ज करून जुन्या रजिस्टरवरून ती नोंद चढवून घ्यावी लागते, ज्याला तिथं ‘बॅकलॉग’ म्हणतात. ती झाल्याशिवाय नाव बदलत नाही, नूतनीकरण होत नाही, एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी नंबरप्लेटही मिळत नाही. हे काम विकणाऱ्यानं करून द्यायचं, असं व्यवहारातच ठरवा. इसार दिला की माणूस ढिला पडतो. उरलेले पैसे नोंद झाल्यावर.

नाव बदलायला नमुना २९ आणि ३०, ज्यांना सगळे टीटी फॉर्म म्हणतात. दुसऱ्या जिल्ह्यातली गाडी असेल तर नमुना २८ ची ना हरकत. मालक वारला असेल तर नमुना ३१ आणि वारसांचे कागद. आणि हा प्रसंग गावाकडं हमखास येतो. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, चार मुलगे, दोन मुली, पैकी एक मुंबईत आणि एकाचं बाकीच्यांशी वाटणीवरनं बोलणं बंद. तुम्ही गाडीचा सौदा करायला जाता आणि भाऊबंदकीत अडकता. माझ्या ओळखीच्या एकानं अशी एक राजदूत पसंत केली होती. सहा सह्या मिळवायला दीड वर्ष गेलं, आणि मग बुकावर १९८० च्या दशकातला एका पतसंस्थेचा बोजा निघाला. कर्ज कधीच फिटलेलं, संस्था कधीच बुडालेली, पण बुकावरची ओळ तशीच. बोजा उतरवण्याचं पत्र द्यायला कोणी उरलंच नव्हतं. अजून ती गाडी त्याच्या अंगणात आहे. त्याची झालेली नाही.

पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची असते. दुचाकीची ही फी २०२२ मध्ये ३०० वरून १,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला २,००० केली. पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला की दंड चढत जातो, तेव्हा घेण्याआधी मुदत कधी संपली ते बघा.

उद्यमनगरात काय होतं, काय होत नाही

लोखंडाच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनली, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून मोठमोठ्या वाहन कंपन्यांना कास्टिंग जातं. ज्या गावात भट्टी, पॅटर्नवाला, टर्नर आणि बोरिंगवाला एकाच रस्त्यावर भेटतात, तिथं जुन्या गाडीचा एखादा भाग मिळत नाही म्हणून अडून बसायला लागत नाही. माझ्या जावाचा एक बुश बाजारात मिळेना. मित्रानं जुना मापून गनमेटलचा नवा करून दिला, दुपारच्या जेवणाआधी.

एक काम मात्र नीट समजून घ्या, कारण त्यावर गाडीचं आयुष्य अवलंबून आहे. ते म्हणजे रीबोअर. पिस्टन वर-खाली होऊन सिलिंडर झिजतो, मग तो थोडा मोठा कापून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. साधारण पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीनं मापं वाढतात, एक मिलिमीटरपर्यंत. आरएक्सचा बोअर ५० चा. चार रीबोअर झाले की ५१, आणि तिथं वाट संपली. पुढं नवी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, ठोकावी लागते. म्हणून गाडी घेताना ‘इंजिन कधी केलं?’ एवढंच विचारू नका, ‘पिस्टन कितीचा आहे?’ हे विचारा. पहिल्या मापावर असलेलं, मालकानं हळू चालवलेलं इंजिन धूर काढत असलं तरी परवा ‘फुल इंजिन केलेल्या’ गाडीपेक्षा चांगलं. त्यात अजून चार पायऱ्या शिल्लक आहेत.

हीच कारागिरी घातही करते. जे करता येतं ते करावंसं वाटतं. कोल्हापुरी पोरांना गाडी कंपनीनं दिली तशी ठेवणं म्हणजे कमीपणा वाटतो. आरएक्सचा मूळ सायलेन्सर काढून आवाजी सायलेन्सर, मडगार्ड कापून अर्धं, पोर्ट घासून मोठे, रुंद टायर. नाद खुळा वगैरे ठीक आहे, पण कापलेलं मडगार्ड परत वाढत नाही. आणि मूळचा सायलेन्सर, ज्याच्यावर कंपनीचा शिक्का आहे, तो तेव्हा भंगारात किलोवर गेला. आज लोक तोच जास्त पैसे देऊन शोधतात. तुमच्याकडं असा काढून ठेवलेला मूळ भाग असेल, गंजका, वाकडा, कसाही, तर टाकू नका. गाडी विकताना तो पोत्यात घालून बरोबर ठेवा.

दुरुस्तीत माझा आता एकच नियम आहे: जे न दिसता झिजतं ते बदलायचं, जे दिसतं ते शक्यतो धुवायचं. बेअरिंग, ऑइल सील, वायरिंग, ब्रेक लायनर, टायर यांत कंजुषी नको. त्यावर जीव असतो. पण रंग, स्टिकर, सीटचं कव्हर, नटबोल्टवरचं प्लेटिंग यांना हात लावण्याआधी महिनाभर थांबा. मऊ फडकं, पॉलिश आणि धीर यानं निम्मी गाडी वर येते. आणि काम सुरू करण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा. मी तेवढं जरी केलं असतं तरी आज त्या रेघेचं माप माझ्याकडं असतं.

एफडीशी तुलना

आता माझ्या खुर्चीतला हिशेब. समजा, तुम्ही एक गाडी ६० हजाराला घेतली. दुरुस्तीला ९० हजार, कागदपत्रं आणि ने-आण मिळून १० हजार. झाले १ लाख ६० हजार. हेच पैसे सात टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर पाच वर्षांत साधारण २ लाख २४ हजार झाले असते. शिवाय गाडीला दरसाल विमा, ऑइल, बॅटरी, किडूकमिडूक धरून ६ हजार लागले, तर पाच वर्षांत ३० हजार. म्हणजे पाच वर्षांनी गाडी २ लाख ५४ हजाराला गेली तर तुम्ही बँकेच्या बरोबरीत आलात. फायदा त्याच्या पुढं. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पण प्रमाण खोटं नाही. ‘साठला घेतली, अडीच लाखाला विकली’ ही गोष्ट कट्ट्यावर सांगतात, तेव्हा मधले नव्वद हजार आणि पाच वर्षं त्या गोष्टीत नसतात.

त्यात बँकेची ठेव तुम्ही सकाळी मोडू शकता. जुनी गाडी विकायला योग्य माणूस भेटावा लागतो, आणि तो दवाखान्याचं बिल भरायच्या आठवड्यात भेटेलच असं नाही. मुलीच्या लग्नाला ठेवलेले पैसे यात घालू नका, एवढं तर मी ऑफिसात प्रत्येकाला सांगतो.

कराचं मात्र गाडीच्या बाजूनं आहे. आयकर कायद्यात ‘भांडवली मालमत्ता’ या व्याख्येतून स्वतःच्या वापराच्या जंगम वस्तू वगळल्या आहेत. दागिने, चित्रं, शिल्पं यांना ती सवलत नाही; स्वतः वापरत असलेल्या मोटारसायकलीला आहे. म्हणजे अशी गाडी फायद्यात विकली तरी त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, उलट ठेवीच्या व्याजावर लागतो. पण ‘स्वतःचा वापर’ हे शब्द महत्त्वाचे. शेडमध्ये नऊ गाड्या, एकही चालवत नाही, वर्षाला तीन विकता, तर तो धंदा झाला आणि त्याचं उत्पन्न दाखवावं लागतं. आणि स्वतःच्या वापराच्या गाडीत तोटा झाला, तर जसा नफ्यावर कर नाही तशी तोट्याची वजावटही नाही.

विम्यात एक बारकावा. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत तक्त्यावरून ठरत नाही, ती कंपनी आणि तुमच्यात ठरते. न बोलता पॉलिसी घेतली तर दुर्मीळ राजदूतची किंमत भंगाराएवढी पडलेली असते आणि आपल्याला ती चोरी झाल्यावर समजते. फोटो, बिलं पुढं ठेवून आधीच बोला.

ठेवायची कशी

कोल्हापूरचा पावसाळा क्रोमचा वैरी. सिमेंटच्या ओल्या फरशीवर, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली गाडी ठेवली की आत घाम धरतो आणि दोन महिन्यांत रिमवर लाल ठिपके. सुती चादर घाला, चाकांखाली लाकडी फळी, वारा खेळू द्या. गोठ्यात तर नकोच. शेण-मुताच्या वाफेनं धातू खाल्ला जातो. मामाच्या जावाचे स्पोक तसेच गेले.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत आतून गंज, कार्बोरेटरमध्ये पांढरट चिखल, जुने रबरी सील फुगलेले. महिनाभर गाडी लागणार नसेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. रबराचे भाग इथेनॉल सोसणारे मिळतात, ते एकदा घालून घ्या. पण खरा उपाय म्हणजे पंधरा दिवसांनी एक फेरी. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. राजघराण्याची मेबॅक गाडी दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा आपण सगळे रस्त्यावर गर्दी करतो. वर्षातनं एकदा का होईना ती चालते, म्हणून आहे.

माझ्या जावाचं म्हणाल तर मागच्या वर्षी आजोळच्या माळ्यावर साफसफाई करताना टूलबॉक्सचं एक झाकण सापडलं. मामानं कधीतरी बदललेलं, धान्याच्या कणगीमागं पडलेलं. पोचा आलेला, पण मरून रंग तोच आणि कडेची सोनेरी रेघही तीच. मेटॅलिक लाल काढून टाकी परत क्रोम करून घेतली, मरून रंग त्या झाकणाशी जुळवून मारला, आणि झाकण घेऊन शिवाजी पेठेतल्या एका म्हाताऱ्या पेंटरकडं गेलो. पूर्वी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आता फ्लेक्समुळं काम कमी. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, झाकण उजेडात तिरकं धरलं आणि नखानं रेघेच्या वळणावरची एक जागा दाखवली. तिथं रेघ केसभर जाड झाली होती.

“कंपनीतबी हातानंच वढलीया ही,” ते म्हणाले. “बघा, हितं त्येनं ब्रश उचलून परत टेकवलाय. तेवढं पण काढू, का सरळ वढू?”

तेवढं पण काढा म्हटलं.